नकाशावरून पुसलेलं बेट आणि मिचिओ युकी

एका श्रीमंत घरातलं मूल पळवलं जातं. खंडणी मागितली जाते, ती मिळतेही. मूल मात्र जिवंत परत येत नाही. हे सगळं करणारा देखणा, टापटीप तरुण काम उरकून चर्चमध्ये जातो, तिथल्या फादरसमोर बसतो आणि काय काय केलं ते सांगून टाकतो. फादर हादरतो, पण त्याला नवल वाटत नाही. या तरुणाला तो फार आधीपासून ओळखतो.

ओसामु तेझुकांची ‘मू’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, अशी सुरू होते. गुन्हेगार कोण, हे सुरुवातीलाच सांगून झालेलं. मग खलनायकच नायक का, आणि पुढे शेकडो पानं वाचायची ती कशासाठी? मला ही मांगा वाचून झाल्यावर बरेच दिवस हाच प्रश्न पडलेला होता. त्याचं उत्तर शोधायला युद्धाच्या आणि नंतरच्या जपानमध्ये जावं लागतं, थोडं रसायनशास्त्र समजून घ्यावं लागतं, आणि वाटेत गोवा आणि यवतमाळसुद्धा लागतात.

आधी लेखकाविषयी. तेझुका (१९२८ ते १९८९) म्हणजे जपानी चित्रकथेचे भीष्माचार्य. लहान मुलाच्या रूपातला यंत्रमानव ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ त्यांचा. गौतम बुद्धाच्या चरित्रावरची मोठी मांगाही त्यांचीच, त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच जणांची त्यांच्याशी पहिली ओळख तिथे होते. शिक्षणानं ते डॉक्टर होते, दवाखाना मात्र त्यांनी कधी थाटला नाही. १९४५ मध्ये ओसाकावर बाँब पडत होते तेव्हा हा शाळकरी मुलगा कारखान्यात कामाला जुंपलेला होता. माणसं एका रात्रीत कशी नाहीशी होतात, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

‘मू’ १९७६ ते १९७८ या काळात ‘बिग कॉमिक’ या मोठ्यांसाठीच्या नियतकालिकात आली. ‘मोठ्यांसाठीच्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. १९५७ च्या सुमारास योशिहिरो तात्सुमींनी ‘गेकिगा’ हा शब्द रूढ केला. मुलांच्या गोडगोड चित्रकथेहून वेगळी, शहरातल्या काळोखाची चित्रकथा असा त्याचा आशय. साठ आणि सत्तरच्या दशकांत ही धारा इतकी जोरात वाहू लागली की तेझुका जुनाट वाटू लागले. १९७३ मध्ये त्यांची अ‍ॅनिमेशन कंपनी बुडाली. अशा काळात त्यांनी आपली तीच गोल, मऊ रेघ घेतली, मोठे डोळे आणि लांब पापण्या तशाच ठेवल्या, आणि त्या रेघेनं एक खुनी काढला. ‘मू’ वाचताना पोटात जो गोळा येतो तो यामुळेच. अ‍ॅस्ट्रो बॉयला ज्या हातानं चेहरा दिला, त्याच हाताचा चेहरा लेऊन हा माणूस गळा दाबत असतो.

नावाचंही सांगतो. मुखपृष्ठावर रोमन लिपीतली ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ ही दोन अक्षरं असतात आणि जपानीत त्यांचा उच्चार होतो ‘मू’. एक अक्षर उलटं धरलं की दुसरं दिसतं. पुरुष आणि स्त्री यांच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरं असल्याचंही बरेच जण मानतात. नायक बाईचं सोंग इतकं बेमालूम वठवतो की हा अर्थ ओढूनताणून आणलेला वाटत नाही. पण कथेत हे नाव माणसाचं नाही. ते एका विषारी वायूचं आहे.

आता मुख्य गोष्ट. जपानच्या दक्षिणेकडचं एक काल्पनिक बेट. तिथे एका परक्या देशाच्या लष्कराचा तळ आहे. देशाचं नाव तेझुका उघड घेत नाहीत, पण ते कळायला कुणाला अडचण येऊ नये. त्या तळावर ‘मू’ साठवून ठेवलेला आहे. एका रात्री तो गळतो. सकाळपर्यंत बेटावरची सगळी माणसं मेलेली असतात. त्या रात्री दोघेच जण एका गुहेत असल्यामुळे वाचतात. एक उनाड टोळक्यातला तरुण, दुसरा त्या टोळक्यानं पकडून ठेवलेला लहान मुलगा. मुलाच्या छातीत थोडा वायू जातोच. शिवाय त्याच रात्री त्या तरुणानंही मुलाचा लैंगिक गैरफायदा घेतलेला असतो. बाहेर दोन्ही सरकारं मिळून घटना दडपतात. प्रेतं हलवली जातात, बेटावर जणू काही घडलंच नव्हतं असं ठरतं.

तो मुलगा म्हणजे मिचिओ युकी. मोठा होऊन तो बँकेत चांगल्या हुद्द्यावर चढतो आणि त्या प्रकरणाशी संबंध असलेल्या पुढाऱ्यांच्या, व्यावसायिकांच्या घरांत शिरून खंडणी, बलात्कार, खून यांचं सत्र चालवतो. तो तरुण म्हणजे गाराई. आपल्या पापाच्या ओझ्यानं तो कॅथलिक धर्मगुरू झालेला आहे. युकीला थांबवणं त्याला जमत नाही आणि सोडून जाणंही जमत नाही, कारण दोघांमध्ये शरीराचं आणि अपराधाचं जुनं नातं आहे. युकी त्याला सगळं सांगतो ते पापनिवेदनाच्या वेळी. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, तेच. तिथे ऐकलेलं फादरनं कुणालाही सांगायचं नाही, पोलिसांनाही नाही. हा चर्चच्या सर्वांत कडक नियमांपैकी एक. युकीनं त्या नियमाचीच ढाल केली आहे.

इथे एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. जपानमध्ये ख्रिस्ती धर्म पोचला तो १५४९ मध्ये, गोव्याहून निघालेल्या फ्रान्सिस झेवियरबरोबर. त्यांच्या सोबतीला अंजिरो नावाचा जपानी माणूस होता. हा मायदेशात खून करून पळालेला, मनावरचं ओझं हलकं करायला मलाक्क्यात झेवियरला भेटलेला, आणि १५४८ मध्ये गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला. म्हणजे जपानच्या ख्रिस्ती इतिहासाच्या उंबरठ्यावरच एक खुनी आणि त्याचं ऐकून घेणारा एक धर्मगुरू उभा आहे. तेझुकांच्या मनात ही जोडी होती असं मी म्हणत नाही. पण जुन्या गोव्याला बाँ जेझूच्या चर्चमध्ये झेवियरच्या शवपेटीसमोर उभं राहिलं की मला आता हे दोघेही आठवतात. अंजिरो पश्चात्तापानं आला होता. युकीला पश्चात्ताप म्हणजे काय तेच ठाऊक नाही, आणि तरी तो येतो.

आता त्या वायूकडे. ‘मू’ काल्पनिक आहे, पण ज्याच्यावरून तो बेतला ते विष खरं आहे. मज्जासंस्थेवर घाव घालणारे वायू, ज्यांतलं आपल्या ओळखीचं नाव सरीन, काम कसं करतात ते बघू.

आपल्या नसा स्नायूंना जो निरोप देतात तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. निरोप पोचला की स्नायू आखडतो. पण आखडलेला स्नायू सुटायलाही हवा. म्हणून निरोप वाचून झाल्याबरोबर तो पुसून टाकणारं एक विकर तिथे हजर असतं, कोलिनेस्टरेज त्याचं नाव. फळ्यावर एक ओळ लिहिली, वाचली, पुसली, मग पुढची ओळ, असं दर क्षणी चालू असतं. सरीन जाऊन या पुसणाऱ्यालाच घट्ट चिकटतो. मग ओळीवर ओळ लिहिली जाते, फळा भरतो, काहीच वाचता येईनासं होतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम थांबत नाही, छाती पाण्यानं भरते, स्नायू आधी थरथरतात आणि मग पूर्ण ढिले पडतात. श्वास घ्यायलाही स्नायूच लागतात. माणूस मरतो तो तिथे.

हे विष युद्धासाठी शोधलंच गेलं नव्हतं. १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनतज्ज्ञ पिकांवरच्या किडीसाठी औषध शोधत होता. त्याच्या हाती ‘ताबून’ लागला, आणि १९३८ मध्ये त्याहून जहाल सरीन. दोन्ही लष्करानं उचलली. त्याच घराण्यातली सौम्य भावंडं कीटकनाशकांच्या बाटल्यांत गेली आणि आजही शेतात येतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांच्या पंपांमधल्या औषधांत याच जातीची औषधंही होती. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर अशा रोग्याला अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शनं देतो, त्याच्या बाहुल्या पुन्हा रुंदावतात का ते बॅटरी मारून बघत राहतो. सरीनवरही पहिला उतारा अ‍ॅट्रोपीनच. त्यामुळे हे सगळं दूर जपानमधलं, चित्रांतलं आहे असं मला म्हणवत नाही.

(भोपाळचा वायू मात्र वेगळा होता. तो फुफ्फुसं आणि डोळे जाळणारा. पण झोपलेल्या वस्तीवर रात्री वायू येतो आणि सकाळी जबाबदार कुणीच सापडत नाही, हे चित्र आपल्या वाचकाला ओळखीचं वाटेल ते भोपाळमुळेच.)

तेझुकांच्या वाचकाला १९७६ मध्ये काय आठवत असेल? ओकिनावा. युद्धानंतर हा बेटसमूह १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होता. ८ जुलै १९६९ रोजी तिथल्या चिबाना दारूगोळा कोठारात सरीनची गळती झाली. २३ अमेरिकी सैनिक आणि एक नागरिक यांना त्याचा त्रास झाला, कुणी मेलं नाही. पण बातमी फुटली ती दहा दिवसांनी, एका अमेरिकी वर्तमानपत्रात. आपल्या घराशेजारी असं काही साठवलंय, हे ओकिनावाच्या लोकांना तेव्हा कळलं. मोठा उद्रेक झाला. १९७१ मध्ये हजारो टन रासायनिक शस्त्रं ट्रकांतून बंदरावर आणि तिथून जहाजांनी पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटावर हलवली गेली. ट्रक जाताना वाटेवरच्या लोकांना घरंदारं सोडून दूर जावं लागलं.

आणि ज्या जपानला ओकिनावा आठवत होतं त्याला स्वतःचं एक बेट विसरायचं होतं. हिरोशिमा जिल्ह्यातल्या समुद्रात ओकुनोशिमा म्हणून लहानसं बेट आहे. १९२९ ते १९४५ या काळात जपानी लष्करानं तिथे मस्टर्ड आणि इतर विषारी वायू बनवले. ते चीनमधल्या युद्धात वापरले गेले. गुप्ततेसाठी हे बेट नकाशांवरून गाळलं होतं. कारखान्यात राबलेल्या माणसांना पुढे कित्येक वर्षं छातीच्या आजारांनी छळलं. विषारी वायूंचं छोटं संग्रहालय तिथे उभं राहिलं ते १९८८ मध्ये. आज लोक या बेटावर जातात ते शेकडो सशांना खाऊ घालायला.

त्यात आणखी एक भर. २७ जुलै १९७६ रोजी माजी पंतप्रधान काकुएइ तानाका यांना लॉकहीड विमानांच्या लाच प्रकरणात अटक झाली. ‘मू’चं पहिलं प्रकरण त्यानंतर दीड महिन्याच्या आत, सप्टेंबरमध्ये छापून आलं. मोठी माणसं, परदेशी पैसा, बंद दाराआडचे सौदे हे तेव्हा रोजच्या वर्तमानपत्रात होतं. तेझुकांना ते रचावं लागलंच नाही.

हे समजलं की ‘खलनायकच नायक का?’ या प्रश्नाचं उत्तर दिसू लागतं.

साध्या रहस्यकथेत आपण पोलिसाच्या मागे चालतो. पोलीस गुन्ह्याच्या जागी पोचतो, माग काढतो, शेवटी दुष्ट माणूस सापडतो. वाईट काय ते एका माणसात कोंडून ठेवलेलं असतं, तो तुरुंगात गेला की गोष्ट संपते. ‘मू’मध्येही मेगुरो नावाचा सरकारी वकील आहे, हट्टी आणि हुशार. पण आपण त्याच्या मागे नाही, युकीच्या मागे चालतो. युकीला पोलिसांत रस नाही. त्याला हवं आहे ते ‘मू’चं कोठार. त्यासाठी तो ज्यांच्या घरांची दारं उघडतो, त्या प्रत्येकाचा त्या बेटाशी काहीतरी संबंध निघतो. कुणी सही केलेली, कुणी पैसा खाल्लेला, कुणी तोंड बंद ठेवून बढती घेतलेली. पोलिसाच्या मागे चाललो असतो तर या दारांच्या आत आपल्याला कुणी घेतलंच नसतं. तपास वरून थांबवला गेला असता. या कथेत तसा प्रयत्न होतोही.

म्हणजे इथे खलनायक हाच आपला वाटाड्या आहे. राज्यानं जे गुपचूप आणि घाऊक केलं, तेच तो उघडपणे, एकेका माणसाचं करतो. वायू त्याच्या शरीरात आहे, तो हळूहळू मरतो आहे, आणि जाताना सगळं जग बरोबर न्यायचा त्याचा बेत आहे. कोठारात ठेवलेल्या विषाला हातपाय आणि सुंदर चेहरा फुटला तर ते कसं वागेल, त्याचं नाव मिचिओ युकी. मला तरी तेझुकांचं म्हणणं एवढंच दिसतं.

आपल्याकडे दुष्ट माणूस मध्यभागी असण्याची सवय नाही असं नाही. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे १९६२ पासून रंगभूमीवर आहे. वेशांतरं तोही करतो, बायकांना फसवतो, आणि प्रेक्षक त्याचा एकेक डाव बघायलाच येतात. पण अत्र्यांनी त्याला कोर्टात उभं केलं. साक्षीदार येतात, बोलतात, आपण न्यायासनाच्या बाजूला बसून बघतो. ‘मू’मध्ये असं कोर्ट भरूच शकत नाही, कारण ज्यांनी ते भरवायचं तेच त्या बेटाच्या पापात सामील आहेत.

त्याच सत्तरच्या दशकात हिंदी पडद्यावर संतापलेला तरुण आला. त्याच्यावर लहानपणी अन्याय झालेला असतो, त्यामुळे तो पुढे जे करतो त्याला आपण मनातून टाळ्या वाजवतो. युकीच्या बाबतीतही तेझुका आपल्याला तिथपर्यंत अलगद नेतात. बिचारा, केवढं सोसलं यानं, सूड तर घेणारच. आणि मग तो असं कुणालातरी मारतो ज्याचा त्या बेटाशी काडीचाही संबंध नाही, एखादं मूल, एखादी त्याच्यावर जीव लावलेली बाई. टाळी हातातल्या हातात राहते. असं एकदा नाही, वारंवार होतं. अन्याय झाला म्हणून माणूस पवित्र होत नाही, आणि तो दुष्ट झाला म्हणून अन्याय करणारे सुटत नाहीत. ही दोन्ही वाक्यं एकदम डोक्यात धरायला लावणं हे खलनायकाला नायक करण्यातलं सर्वांत अवघड काम आहे, आणि तेझुकांना ते साधलं आहे.

विज्ञान म्हणून बघायचं तर एक गोष्ट पटत नाही. वायूनं युकीची सदसद्विवेकबुद्धीच जळून गेली असं कथेत धरलेलं आहे. सरीनमधून वाचलेल्यांना डोळ्यांचे त्रास, डोकेदुखी, विसर, भीतीचे झटके मागे लागलेले दिसतात. कुणी खुनी झाल्याचं ऐकिवात नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा होऊन स्वभाव पालटल्याची उदाहरणं जरूर आहेत. १८४८ मध्ये अमेरिकेत फिनिआस गेज या रेल्वे मुकादमाच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली, तो वाचला, पण ओळखीचे लोक म्हणू लागले की हा तो गेज नव्हे. तरी तोही राक्षस झाला नव्हता. शिवाय तेझुकांनी युकीच्या लहानपणात दुसरी जखमही ठेवली आहे, गाराईनं केलेली. मग विवेक नेमका कशानं गेला? वायूनं की माणसानं? डॉक्टर असलेल्या तेझुकांनी याचं निदान लिहून दिलेलं नाही, आणि ते बरंच केलं.

दोष मात्र सांगायला हवेत. कथेतल्या बायका बहुतेक वेळा युकीच्या हाती चिरडल्या जाण्यापुरत्याच येतात. दोन पुरुषांमधलं शरीराचं नातं जवळपास पूर्णपणे पाप, रोग आणि अंधार यांच्याच संगतीत दाखवलं आहे. सत्तरच्या दशकात मोठ्यांच्या नियतकालिकात असं नातं मध्यभागी आणणं धाडसाचं होतं हे खरं. तरी समलैंगिक वाचकाला ही पानं बोचतील आणि ती बोच रास्त असेल. ज्यांनी लहानपणी अत्याचार सोसला आहे त्यांनी ही मांगा उघडण्याआधी दोनदा विचार करावा. २००९ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, पण तो पाहून मांगा कळेल असं समजू नये.

सर्वांत मोठी उणीव मला वेगळीच वाटते. बेटावरच्या मेलेल्या माणसांना नावं नाहीत. खलनायक मध्यभागी बसला की उजेड सगळा त्याच्यावर पडतो, आणि ज्यांच्यासाठी ही सगळी चीड आहे ते कडेला ढीग होऊन पडतात. शेवट इथे सांगत नाही, तो वाचकाचा हक्क आहे. पण शेवटच्या पानावरही आपण बघत असतो तो चेहराच.

तेझुका १९८९ मध्ये गेले. २० मार्च १९९५ रोजी सकाळी, कामाला जायच्या गर्दीच्या वेळी, टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाच्या माणसांनी सरीन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या छत्रीच्या टोकानं फोडल्या. त्या माणसांमध्ये हृदयरोगाचा एक डॉक्टरही होता. हजारो लोक बाधित झाले, १४ जणांचा जीव गेला, त्यातला शेवटचा २०२० मध्ये, पंचवीस वर्षं अंथरुणात काढून. त्या पंथाच्या गुरूवर, त्याच्या डोळ्यांवर, दाढीवर, शिष्यांच्या हुशारीवर आजवर ढीगभर लिहून झालं आहे. सरकारी कचेऱ्यांच्या खाली असलेल्या कासुमिगासेकी स्टेशनात गाडी थांबली तेव्हा डब्याच्या जमिनीवर काहीतरी ओलं पसरलेलं होतं. स्टेशनचे कर्मचारी आत शिरले. प्रवासी घसरून पडू नयेत, गाडी वेळेवर सुटावी, म्हणून त्यांनी ते पुडकं उचलून बाहेर आणलं आणि जमीन पुसून काढली. त्यांच्यातले दोघे मेले.